आई-बाबा, गुरुवारच्या आधी एवढं वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितेय. आई, हे दोघांनी वाचायचंय. तू रिपोर्टची फाईल साड्यांखाली ठेवलीस पण बाबांनी ती कधीच काढून वाचलीये, तू देवळात गेली होतीस तेव्हा मलाच फोन करून विचारलं, स्वादुपिंडाचा ॲडिनोकार्सिनोमा म्हणजे कॅन्सरच ना गं.

आधी राग काढून टाकते. कावीळ म्हणून तीन आठवडे झाडपाल्याचं औषध आणि उसाचा रस! डोळे हळदीसारखे, अंगाला खाज, लघवी काळ्या चहासारखी, पण पोटात दुखत नाही ना, मग सगळे निवांत. म्हाताऱ्या माणसाला न दुखता कावीळ होते, वजन उतरतं, शुगर अचानक वाढते, तर निदान सोनोग्राफी करा एवढं कुणी म्हणालं नाही. आणि बाबा, तुमच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला मी गणपतीत बघितला होता. मीही काही बोलले नाही.

आता ऑपरेशन. "76 व्या वर्षी कसली चिरफाड, पर्रीकरांचं काय झालं बघितलंस ना" हे तुमचं ठरलेलं वाक्य. अहो पर्रीकरांनाही हाच आजार, पण गेले तेव्हा ते 63 चे होते, कमी वयाचा तरी कुठे उपयोग झाला. हा आजार सापडतो तेव्हा शंभरात जेमतेम पंधरा-वीस जणांचंच ऑपरेशन होण्यासारखं असतं, बाकीच्यांचा एकतर पसरलेला असतो नाहीतर मोठ्या रक्तवाहिन्यांना धरलेला. तुमची गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे आहे, तिने पित्ताची नळी दाबली म्हणून कावीळ झाली आणि म्हणूनच कळलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या मोकळ्या दिसतायत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जज रूथ गिन्सबर्ग, त्यांचं याच आजाराचं ऑपरेशन 2009 मध्ये झालं तेव्हा त्या 75 च्या होत्या, पुढे अकरा वर्षं कोर्टात बसल्या. पण खोटी आशा नको, त्यांची गाठ अगदी लहान असताना सापडली होती, ऑपरेशनही वेगळं, शेपटाकडचं, आणि शेवटी 2020 मध्ये याच आजाराने गेल्या.

तुमच्या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. तुम्ही जन्मभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा, एवढं खाली उतरवायचं आणि मग आतडं वर ओढून तीन जॉइंट करायचे, स्वादुपिंडाला, पित्तनळीला, जठराला. पाच-सहा तास, कधी जास्तही. घोळ होतो तो पहिल्या जॉइंटला, कारण स्वादुपिंड मऊ असलं की टाका धरत नाही, आणि तिथून रस गळला तर तो आतलंच पचवायला लागतो. जिथे अशी ऑपरेशन्स रोज होतात तिथे दगावणारे शंभरात पाचपेक्षा कमी, म्हाताऱ्यांत थोडे जास्त. म्हणून मी परळला टाटाचा हट्ट धरला. आणि निभावलं तरी पाच वर्षं गाठणारे साधारण पाचात एक, नंतरची केमो झेपली तर त्याहून बरं.

मागच्या खेपेला तुम्हाला खुर्चीतून उठवलं, तीन मीटर चालवलं, वळवून परत बसवलं, आठवतं? मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. तुम्ही चिडलात, मला काय बालवाडीत घातलंय का, आणि तरी काटे बरोब्बर काढलेत, वर सेकंदाचा काटा फुकट. तो टाइमपास नव्हता बाबा. डॉक्टर जन्मतारखेपेक्षा हेच बघतात, माणूस किती चालतो, किती खातो, डोकं ठिकाणावर आहे का. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन, कमी आलंय तेवढं वाढवायचंय. तेव्हा ते फुफ्फुसाच्या व्यायामाचं तीन बॉलचं मशीन टीव्हीवर शोभेला ठेवू नका, तासातासाला ओढा. अंडी चालत नाहीत तर पनीर, दही, मूगडाळ, आणि ती पावडर आई दुधातून देईलच. पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, जेवून उठल्यावर नाही. रोज स्टँडपर्यंत जाऊन या.

एवढं करून नको म्हणालात तर मी भांडणार नाही, खरंच. नुसती केमो आहे, नुसतं दुखणं आटोक्यात ठेवणं आहे, तेही उपचारच. पण एफडी मोडावी लागेल म्हणून नको म्हणत असाल तर ते मला चालणार नाही. आई, तू पण यांना पढवू नकोस, कुठल्याच बाजूने.

कोयना एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, मी दादरला उभी असेन. कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल आणि चष्मा आठवणीने घ्या, आयसीयूत वयस्कर माणसांना रात्री भ्रम होतो, दिसलं-ऐकू आलं की कमी होतो म्हणे. आणि आई, ती फाईल साड्यांखालून काढून पिशवीत सगळ्यात वर ठेव.

तुमची,
मनू