बिजलीच्या जेवणाबद्दल

निपाणी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस की ऑफिसातून आल्यावर रात्री बिजलीला एकदाच भरपूर घालतेस आणि ती दोन मिनिटांत पातेलं चाटूनपुसून मोकळी होते. ते काही डोक्यातून जाईना. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेला माणूस मी, गप्प कसा बसणार? फोनवर सांगितलं तर "हो हो" म्हणशील आणि विसरशील. हा कागद फ्रिजवर लाव.

आपली बिजली मुधोळ जातीची शिकारी कुत्री. छाती खोल आणि अरुंद, कंबर बारीक. पळायला ही ठेवण झकास, पण ग्रेट डेन, अल्सेशियन, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचं प्रमाण जास्त असतं. जठर हवेनं फुगतं आणि फुगलेलं जठर फिरतं. फिरलं की वरची अन्ननलिका बंद, खाली आतड्याकडची वाटही बंद. आत वायू साठत राहतो. त्या दाबानं पोटाकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते, प्लीहाही सोबत ओढली जाते, आणि जठराची भिंत रक्ताविना मरायला लागते. हा सगळा खेळ काही तासांचा. वय वाढेल तसा धोका वाढतो, आईबापांना किंवा भावंडांना झालं असेल तर आणखी. बिजलीची आई आपल्या मळ्यातच म्हातारी होऊन गेली, तिला कधी काही झालं नाही. बापाचं काय ते देवाला ठाऊक.

नोकरीत असताना एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा अल्सेशियन बघितला होता. घरी लग्नकार्य, कुत्र्यानं रात्री पंगतीतलं उरलेलं भसाभस खाल्लं. मग येरझाऱ्या. बसेना, झोपेना, मधूनच मान खाली घालून ओकायला बघायचा, आणि बाहेर पडायचा तो नुसता फेस. घरच्यांना वाटलं अजीर्ण. ओवा चारला, अंगणात फिरवलं, सकाळी दवाखाना उघडल्यावर घेऊन आले. मी ओठ उचलून बघितला तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. फासळ्यांच्या मागे टिचकी मारली तर पोकळ आवाज येत होता. कोल्हापूरला नेताना वाटेतच जीव गेला.

ओकायचा प्रयत्न चालू आहे आणि काही पडत नाही, ही खूण पक्की लक्षात ठेव. पोट फुगलेलं दिसेलच असं नाही, कारण छाती खोल असली की फुगलेलं जठर फासळ्यांआड लपतं. लाळ गळणं, सारखं पोटाकडे वळून बघणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरणं, धाप लागणं, यातलं काही सोबत दिसलं की घड्याळ बघायचं नाही. हिरडीवर बोट दाबून सोड, पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. आत्ता ती ठणठणीत आहे तोवर एकदा करून बघ, म्हणजे तिचा नेहमीचा रंग तुला कळेल. पण त्या रात्री हिरडी गुलाबी दिसली म्हणून थांबू नकोस.

घरी काहीही पाजायचं नाही. आपल्याकडे बैलाला कोवळा घास खाऊन पोटफुगी झाली की गोडेतेल पाजतात, अगदीच जीव घुसमटला तर डॉक्टर डाव्या कुशीत ट्रोकार, म्हणजे वायू सोडायची टोकदार नळी, घालतात. शेजारचे काका तुला तेच सांगतील, आणि गाईबैलांचं ते ज्ञान खोटं नाही. पण बैलाचं पोट चार कप्प्यांचं. इथं अन्ननलिकेचं तोंडच पिळलेलं असतं, पाजलेलं तेल श्वासनलिकेत जायचं. खायचा सोडा तर मुळीच नको, तो आणखी वायू करतो.

डॉक्टर आधी सलाईन लावतील, नळीनं किंवा जाड सुईनं वायू काढतील, मग एक्स-रे. पीळ असला तर पोट उघडावंच लागतं. जठर सरळ करून उजव्या बाजूला पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधतात, नाहीतर पुन्हा फिरतं. वायू निघाला की कुत्रं तरतरीत दिसतं आणि लोक घरी घेऊन जातात. तिथंच घात होतो.

म्हणून बेळगावात रात्री जनावराचं पोट उघडणारं कोण आहे, ते या आठवड्यातच विचारून ठेव. कोल्हापूर काय, हुबळी काय, टिळकवाडीतून दोन्हीकडे शंभर किलोमीटरच्या आसपास. तिकडे न्यायची वेळ आली तरी सलाईन आणि वायू काढणं आधी गावातच होऊ दे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा नंबर गाईम्हशींसाठी ठीक आहे, यासाठी त्याच्यावर विसंबू नकोस. तू फिरतीवर असतेस तेव्हा बिजली वॉचमनकडे असते ना? त्यालाही कन्नडमधून नीट समजावून सांग.

आता जेवण. दिवसाचं तेवढंच, पण दोन-तीन वेळांत विभागून. सकाळी निघण्यापूर्वी एकदा घालायला तुला पाच मिनिटं लागतील. पातेल्याऐवजी परातीत भाकरी कुस्करून पसरून घाल, म्हणजे ती वेचून खाईल. भांडं उंच स्टँडवर ठेवायची फॅशन आली आहे, ती नको. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं मोठ्या कुत्र्यांवर केलेल्या, 2000 साली छापलेल्या अभ्यासात उंच भांड्यानं धोका वाढलेलाच दिसला. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळवू नकोस. याचा पुरावा तेवढा पक्का नाही, पण तासभर थांबायला जातंय काय? पाणी मात्र तोडू नकोस. भित्र्या कुत्र्यांना हा त्रास जास्त होतो असंही दिसलंय, आणि आपली बिजली फटाक्यांना किती घाबरते ते तू जाणतेसच. दिवाळीत तिला इकडे आणून सोड.

आणखी एक. तिचं नसबंदीचं ऑपरेशन करणार आहेस ना, त्याच वेळी जठर भिंतीला बांधून घेता येतं. मग पोट फुगलं तरी पीळ पडण्याची भीती फारच कमी. खर्च वाढेल, त्यातले अर्धे मी देतो, आईला सांगायची गरज नाही. डॉक्टरांना विचार आणि काय म्हणतात ते रविवारी फोनवर कळव.

तुझे,
आप्पा