बाबा, दुखत नाही म्हणूनच काळजी वाटते

पुणे

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दुखत नाही, मग कशाला उगाच दवाखाना?" आणि मागून आई म्हणाली, "साफ केले की दात उलट हलायला लागतात." पुढं बोलणं पाऊसपाण्यावर गेलं आणि माझं सांगायचं राहिलं. म्हणून बाबांच्या हिरड्यांबद्दल लिहिते आहे. चष्मा लावून दोघांनी मिळून वाचा.

दसऱ्याला आले तेव्हा बाबांच्या ताटाकडे लक्ष गेलं. पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या संपल्या, तांबड्यात भाकरी कुस्करून झाली, पण मटणाच्या फोडी तशाच वाटीच्या तळाला. नळी फोडल्याशिवाय ज्यांचं जेवण पुरं व्हायचं नाही, ते बाबा! विचारलं तर म्हणाले, वयानं पचत नाही आता. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनमध्ये चूळ लाल दिसली तेव्हा कळलं, पचनाचा काही संबंध नाही.

शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून आकडे सांगितले ते आठवतात? "तीन, तीन, सहा, सात." ते मिलिमीटर होते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. सहा-सात म्हणजे हिरडी दातापासून सुटून आत खिसा झाला आहे. ब्रश तिथवर पोचतच नाही.

हे एका दिवसात होत नाही. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, तेच कीटण. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर पुन्हा नवा थर. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर सगळं भरून येणारं असतं. पण सूज वर्षानुवर्षं राहिली की ती खाली उतरते आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटायला लागतात. मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. हाड काही जंतू कुरतडत नाहीत. जंतूंशी झुंजता झुंजता आपलंच शरीर हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतं आणि संसर्गापासून हाड मागं घेत जातं. पूर ओसरल्यावर पंचगंगेच्या काठची झाडं बघता ना तुम्ही? वर पाला हिरवागार, खाली माती गेलेली, मुळं उघडी. बाबांच्या एक्स-रेमध्ये खालच्या पुढच्या चार दातांचं तसंच दिसलं. दातांना कीड नाही, पण त्यांना धरून ठेवणारं हाड निम्म्यावर आलं आहे.

आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. दाढ किडली तर रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस धावत जातो. इथं दात हलेपर्यंत पत्ताच लागत नाही. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही, बाबा. पण उरलेलं राखता येतं, आणि ते पुष्कळ आहे.

आई, आता तुझं. साफ केल्यानं दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाच्या थरानं दात एकमेकांना चिकटून उभे असतात. थर निघाला, सूज उतरली की फटी दिसतात आणि खरी अवस्था कळते. आज्जीनं याच भीतीनं कधी दवाखाना गाठला नाही आणि साठीच्या आत तिचं तोंड बोळकं झालं. दाणे कुटून द्यायचीस तू तिला, मी पाहिलंय. शिवाय तुझी मिश्री. तुझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून तू निर्धास्त आहेस, पण तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं रोग असला तरी रक्त कमी दिसू शकतं. एकदम सुटणार नाही हे मला माहीत आहे. निदान या वेळी बाबांसोबत तुझीही तपासणी करू. रागवायचं नाही.

बाबांच्या साखरेचाही यात हात आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा खाली येतो, असं दिसलेलं आहे. गोळ्या अर्थात चालूच ठेवायच्या.

हिरडी बधिर करून खिशातलं, मुळांवरचं कीटण काढतील. एका वेळी तोंडाची एक बाजू. नंतर काही दिवस गार पाण्यानं दात शिवशिवतील, घाबरू नका. फटींत फिरवायचे बारीक ब्रश मी इथून आणते, कसे वापरायचे ते डॉक्टर दाखवतील. पुढं दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, ते मात्र टाळू नका.

शनिवारी साडेदहाची वेळ घेतली आहे. मी शुक्रवारी रात्री निघते, पहाटे पोचेन. बाबा, उपाशीपोटी यायचं नाही. नाष्टा करून, साखरेची गोळी घेऊन निघायचं. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, फक्त तिचं पाकीट आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट पिशवीत ठेवा. एक्स-रे कपाटात वरच्या खणात आहे, आईच्या पुस्तकांखाली.

तुमची,
लेक