बस चुकली तर

सांगली,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. सुजाता,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तुझी आई ताट वाढत होती, आणि मी एक-दोन गोष्टी विचारून 'बरं बरं' म्हणून ठेवून दिला. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. माणसांशी बोलायचं म्हणजे 'पुढं सरका' आणि 'सुटे द्या', एवढीच सवय. म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणालीस, कॉसमॉसचा पहिला भाग बघताना शेवटी रडू आलं आणि खोलीतल्या मुली हसल्या. विज्ञानाचा कार्यक्रम बघून कोण रडतं, म्हणाल्या. तू पण हसलीस फोनवर, पण ते हसणं मला काही खरं वाटलं नाही. तर बाई, आपल्या घरात हे पहिल्यांदा झालेलं नाही.

तू बघितलास तो २०१४ चा, नील टायसनचा. मूळचा कॉसमॉस खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचा, अमेरिकेत १९८० साली आलेला, तेरा भागांचा. तो दूरदर्शनवर लागला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. गावभागात भाड्याच्या खोलीत मी आणि तुझी आज्जी, म्हणजे माझी आई. टीव्ही घरमालक काकांकडं, ब्लॅक अँड व्हाइट, वर शटर असलेला. सुरुवातीला नारळीकर येऊन भागाबद्दल चार शब्द सांगायचे, तेवढाच आम्हाला नीट समजायचा. 'आपल्या कोल्हापूरचा माणूस' असं काका दर वेळी म्हणायचे, जणू कोल्हापूर त्यांच्या मालकीचं. पुढं सेगनचं इंग्रजी सुरू झालं की आम्ही चित्रं बघायचो आणि जमेल तेवढं ओढून घ्यायचो. ड्यूटीपायी माझे चार-पाच भाग चुकले ते चुकलेच.

पण गंमत अशी, की त्या एका खोलीत बसलेल्या माणसांना एकच गोष्ट बघून वेगवेगळ्या जागी काहीतरी व्हायचं.

आज्जीचं सांगतो. पहिल्याच भागात त्या एरॅटोस्थेनिसची, जुन्या काळातल्या ग्रीक विद्वानाची, गोष्ट आहे. इजिप्तमध्ये सायीन गावात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी काठीची सावली पडत नाही, आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र पडते. का? तर जमीन वाकलेली आहे म्हणून. सावलीचा कोन सात अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा साधारण पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर त्यानं माणूस लावून पावलांनी मोजून घेतलं, ते आठशे किलोमीटरच्या आसपास. गुणिले पन्नास, म्हणजे चाळीस हजार. पृथ्वीचा घेर! मी मनात लगेच टप्पे पाडले. आपल्या एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे एकशे तेहतीस टप्पे चालला असणार तो माणूस, आणि त्याचं नाव कुठं नाही. आज्जीला यातलं गणित समजलं नाही. पण ती ताठ बसली आणि म्हणाली, "हे तर मला येतंय." खरंच येत होतं. उंबऱ्यावरची सावली फरशीच्या कुठल्या सांध्याला आली की माझी दुपारची गाडी सुटायची, हे तिला घड्याळाशिवाय कळायचं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला रडणं म्हणता येणार नाही, पण त्याच्याच भावकीतलं काहीतरी होतं.

तू लहान असताना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी गच्चीवर स्टीलचा डबा उभा करायचो, आठवतं? साडेबाराच्या सुमाराला सांगलीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि डब्याची सावली डब्याखालीच जाते. तुला वाटायचं आप्पा उन्हानं बिघडले. ते वेड तिथलं.

काकांचं वेगळंच. एका भागात सेगन तमिळनाडूत येतो, नटराजाची मूर्ती दाखवतो, आणि म्हणतो की आधुनिक विश्वविज्ञानाच्या मोजमापाशी जुळणारा काळ मोठ्या धर्मांपैकी फक्त हिंदू धर्मात सापडतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस आणि एक रात्र मिळून ८६४ कोटी वर्षं. काकांनी मांडीवर थाप मारली. पुढं आठ दिवस तालमीपासून कटिंगच्या दुकानापर्यंत सगळीकडं हेच. त्याच वाक्यात सेगन 'अर्थात योगायोगानं' असंही म्हणतो, ते त्यांच्या कानावरून गेलं. माझ्याही गेलं म्हण. ते मला तुझ्या मोबाईलवर परत बघितल्यावर सापडलं. काका असते तर सांगायला गेलो असतो, आणि त्यांनी मला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं.

पण याच काकांना मी रडताना बघितलं. आकाशगंगा, कृष्णविवरं चालू असताना ते खुशाल घोरायचे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा विषय निघाला तेव्हा जागे होते. तिथं सेगन सांगतो की सोफोक्लिस या जुन्या ग्रीक नाटककारानं १२३ नाटकं लिहिली आणि आज उरली फक्त सात. हे वाक्य त्यांना बरोबर कळलं, कारण आकडे होते आणि नाटकं होती. आता सांगलीच्या माणसाला तू नाटकाचं सांगायला जाऊ नकोस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच केलं. काका स्वतः हौशी नाटकांत काम केलेले, आवाज अजून खणखणीत. ते उठून उभेच राहिले. "एकशे सोळा गेली!" म्हणाले. मग आत गेले, आणि बराच वेळ मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. काकूंनी विचारलं, कोण गेलं? त्या स्वयंपाकघरात होत्या, त्यांना वाटलं कुणाचा निरोप आला.

२०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. पाणी उतरल्यावर वाचनालयाची पुस्तकं रस्त्याकडेला लगदा होऊन पडलेली बघितली तेव्हा मला काकांचं 'एकशे सोळा' आठवलं. ते नव्हते तेव्हा. बरं झालं असं म्हणवत नाही, पण म्हणतो.

आता माझं. लोक असा कार्यक्रम बघून म्हणतात, आपण किती क्षुद्र, विश्व केवढं! हे मला कधी फारसं भिडलं नाही. कंडक्टरला आपण क्षुद्र आहोत हे कळायला अवकाशात जावं लागत नाही, सणाच्या गर्दीची एक फेरी पुरते. आधी स्वतःला मोठं समजत होता त्यानं ते वाक्य म्हणावं.

मला भिडला तो शाळेचा भाग. सेगन ब्रुकलिनला आपल्या लहानपणीच्या शाळेत जातो. सांगतो, की तारे म्हणजे काय असं तो लहानपणी विचारायचा, तर मोठी माणसं म्हणायची, आकाशातले दिवे. मग तो ग्रंथालयात गेला आणि ताऱ्यांचं पुस्तक मागितलं, तर बाईंनी सिनेमातल्या तारे-तारकांचं पुस्तक काढून दिलं! आम्ही सगळे हसलो, हा विनोद मराठीतही जसाच्या तसा बसतो. मग तो वर्गातल्या पोरांना ग्रहांचे फोटो वाटतो आणि पोरं विचारतील ते सांगत बसतो. एकालाही गप्प करत नाही. एवढंच आहे त्यात. मी पाचवीत असताना एका गुरुजींना विचारलं होतं, की तारे दिवसा कुठं जातात. त्यांनी मला बाकावर उभं केलं, आणि वर्गाला सांगितलं, हा बघा ज्योतिषी. पुढं सहा महिने माझं नाव ज्योतिषी. त्यानंतर मी शाळेत प्रश्न विचारला नाही, एकही नाही. तो भाग संपल्यावर मी काकांकडचा चहा न घेता निघून आलो.

त्याच आठवड्यात मला मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली, जतच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीलगतच्या एका गावाला. मार्गशीर्षातली अमावास्या, लाइट गेलेली, थंडी मरणाची. मी आणि ड्रायव्हर मामा गाडीच्या टपावर वाकळ घेऊन आडवे. वाचनालयातलं आकाशदर्शनाचं पुस्तक मी वाचलेलं होतं. शर्मिष्ठा हा ताऱ्यांचा समूह सापडला, त्याच्यावरून अंदाजानं सरकत देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका सापडला. मामांना दाखवला. म्हटलं, हा उजेड तिकडून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. मामा चौथी शिकलेले. बराच वेळ बोलले नाहीत, मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "म्हंजी गाडी सुटली तवा हितं स्टँडच न्हवतं की रं." आणि थोड्या वेळानं, "मग तिकडनं आत्ता कुणी आपल्याकडं बघितलं, तर त्याला कोण दिसंल?"

सुजाता, मला तेव्हा रडू आलं. प्रश्न केवढा मोठा होता बघ, आणि तो विचारायला त्या माणसाला पन्नास वर्षं लागली, कारण त्याच्याशी तोवर कुणी असलं काही बोललंच नव्हतं. मामांना कळू नये म्हणून मी कूस बदलली. त्यांनी ओळखलं असणार, पण सर्दी झाली का म्हणून विचारलं आणि विडी पुढं केली.

आता तुझ्या रडण्याकडं येतो. नवा कॉसमॉस मला काही ठिकाणी जास्तच झगमगीत वाटतो. संगीत असं अंगावर येतं की आता तुम्ही भारावून जा, असा हुकूमच सुटल्यासारखा. म्हणून मी तुला फोनवर मुद्दाम विचारलं, नेमकं कुठं रडलीस? महास्फोटाला म्हणाली असतीस तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तू म्हणालीस, बसच्या तिथं.

ती गोष्ट मी परत काढून बघितली. १९७५ चा डिसेंबर, शनिवार. ब्रॉन्क्सचा सतरा वर्षांचा पोरगा, हा टायसन, सेगनच्या बोलावण्यावरून बसनं इथाकाला, सेगनच्या कॉलेजच्या गावी, जातो. एवढा नावाजलेला माणूस त्याला घ्यायला बस स्टॉपवर येतो, प्रयोगशाळा दाखवतो, भावी खगोलशास्त्रज्ञाला म्हणून पुस्तकावर सही करून देतो. संध्याकाळी परत बसपाशी सोडतो. बर्फ वाढलेलं असतं. तर सेगन कागदाच्या चिठोऱ्यावर घरचा फोन नंबर लिहून देतो आणि म्हणतो, बस पुढं जाऊ शकली नाही तर फोन कर, आमच्याकडं राहा. पोरगा शेवटी त्यांच्या कॉलेजला गेलाच नाही, हार्वर्डला गेला, ते सोड.

मी चौतीस वर्षं स्टँडवर काढली. शेवटची गाडी चुकलेला माणूस कसा दिसतो ते मला विचार. आधी तो घड्याळ बघतो, मग कंट्रोलरची खिडकी, मग खिसा. शेवटी बाकड्यावर पिशवी उशाला घेऊन बसतो आणि कुणाच्या नजरेला नजर देत नाही. अशा माणसाला 'आमच्याकडं राहा' म्हणणारे मी बोटावर मोजण्याइतके बघितले. मी स्वतः किती वेळा म्हटलं? दोनदा. एकदा बारावीच्या परीक्षेला आलेली मुलगी आणि तिचे वडील, आज्जीनं रात्री अकराला पिठलं टाकलं होतं. दुसऱ्या वेळचं आईला विचार, ती अजून चिडते.

तेव्हा त्या मुलींना सांग, की मी ग्रहताऱ्यांना रडले नाही. किंवा नको सांगूस. रडल्यानं गणित येत नाही, हेही खरंच आहे. मला अजून सूर्यमालेपलीकडचं काही समजावून सांगता येत नाही.

तुझ्या आईला हे सगळं म्हणजे माझं खूळ. पण व्हॉयेजर यानावर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी १९७७ साली पाठवली, तिच्यासाठी गाणी निवडणाऱ्या समितीचा प्रमुख हाच सेगन, आणि तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे तिला सांगितलं तेव्हा भाकरी थापायचा हात थांबला. केसरबाई लहानपणी काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, म्हणजे नातं पार आपल्या मिरजेपर्यंत. 'कुठवर गेल्या?' तिनं विचारलं. म्हटलं २४०० कोटी किलोमीटरच्या पुढं. 'एकट्याच?' म्हणाली. भाकरी करपली.

बरोबर भडंग पाठवतोय, मिरचीचं वेगळं बांधलंय. आणि त्यात एक जुनं पोस्टकार्ड आहे, पंधरा पैशांचं, ते भडंगाच्या तेलानं खराब होऊ देऊ नकोस. त्या मुक्कामाहून परत आल्यावर मी मामांचा प्रश्न त्यावर लिहिला होता, नारळीकरांना. पत्ता टाटा इन्स्टिट्यूट, कुलाबा, मुंबई. अक्षर बरं यावं म्हणून आधी तिकिटांच्या पाठीमागं दोनदा लिहून बघितलं. मग वाटलं, कंडक्टरनं असलं काय विचारावं, परत कुणी ज्योतिषी म्हणेल. कार्ड पेटीत राहिलं. नंतर कुणीतरी सांगितलं की नारळीकर सही मागणाऱ्या पोरांना म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर सही करून देतो. गेल्या वर्षी मे महिन्यात ते गेले, त्या दिवशी कार्ड बाहेर काढलं.

मामाही गेले, सात-आठ वर्षं झाली. तुला उत्तर जमलं तर फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझे,
आप्पा