लाल झालेली हळद

ग्रात्स (ऑस्ट्रिया), फेब्रुवारी

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आप्पा म्हणाले, "हळद रानात पिकते, मग ती मशीनमध्ये कशाला करायची? उद्या आमचा माल कोण घेणार?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. तेव्हापासून ते मनात घोळतंय.

आप्पा, इथल्या प्रयोगशाळेत आम्ही हळद करत नाही. हळकुंडात साधारण 2 ते 5 टक्के कुरकुमिन असतं, पिवळा रंग त्याचाच. औषध म्हणून जगभर त्याचा अभ्यास चालतो, पण पोटात घेतलेलं रक्तात फारच थोडं उतरतं आणि तेही टिकत नाही. म्हणून त्याच्या भावकीतले रेणू करून बघायचे. एखादी बाजू बदलायची, मधला नाजूक भाग काढायचा, मग टिकतंय का ते तपासायचं. भाजीत, लग्नात, जखमेवर लागते ती तुमचीच हळद. तिला धक्का नाही.

आता तुमच्याकडे हळद शिजवायच्या काहिली पेटल्या असतील. जाळ आधी काहील तापवतो, मग पाणी, मग हळद. माझ्याकडे बोटाएवढी काचेची नळी असते, तोंड घट्ट बंद, आत गव्हाच्या दाण्याएवढं लोहचुंबक गरगरत असतं. यंत्रातल्या मायक्रोवेव्ह लहरी काच तापवत बसत नाहीत, थेट आतल्या द्रवालाच तापवतात. घरातल्या ओव्हनमध्ये असतात त्याच, 2.45 गिगाहर्ट्झच्या. 1986 साली अशा प्रयोगांचे पहिले निबंध छापून आले तेव्हा साधे घरगुती ओव्हनच वापरले होते. इथल्या यंत्रात तापमान आणि दाब सतत समोर दिसतो. आई, घरी कुणी असलं काही करू नये, बंद नळी फुटते. तेलात ठेवून तासन्‌तास तापवावं लागायचं ते काम यात काही मिनिटांत होतं. जानेवारीत मात्र माझ्या नळ्यांत नुसतं डांबरासारखं चिकट साठत होतं. अमीन, म्हणजे जोडणी घडवून आणायला घालतात ते द्रव्य, जरा जास्त पडत होतं. ते निम्मं केलं आणि जमलं.

आणि खरं सांगायचं होतं ते हे. कुरकुमिन करताना व्हॅनिलिनचे, म्हणजे आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणाऱ्या पदार्थाचे, दोन रेणू एका छोट्या रेणूच्या दोन टोकांना जोडायचे असतात. पण त्या छोट्या रेणूचा मधला कार्बनच आधी पुढे पुढे करतो. म्हणून बोरॉन घालून मधला भाग अडकवून ठेवायचा, की जोडणी टोकांनाच होते. गुरुवारी नळी बाहेर काढली तर आत गर्द लाल! बोरॉनला धरलेलं कुरकुमिन. पातळ आम्ल घातल्यावर बोरॉन सुटला आणि पिवळं-नारिंगी परत आलं.

तो लाल रंग बघितला आणि मला आजीचं कुंकू आठवलं. हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखार. आई, टाकणखारात बोरॉनच असतो! लिंबाच्या आंबटपणात तो हळदीला धरतो आणि ती लाल होते. परातीत हात लाल करून बसलेली आजी मी लहानपणी कितीदा बघितली, आणि रसायन शिकायला एवढ्या लांब आले. त्या दिवशी मला काम सुचेना, खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

आई, आजीला विचारून मला लिहून पाठव, शेराला टाकणखार किती घालायची, लिंबू आधी की नंतर, आणि सावलीत किती दिवस वाळवायची. तिच्याच शब्दांत लिही, तू नीट करू नकोस.

आप्पा, यंदा सांगलीला दर काय निघाला ते कळवा.

तुमची,
माई