जुनी गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

मा. संपादक,
सांगली-कोल्हापूरला २०१९ च्या महापुरात किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यातलीच एक धुऊन-पुसून, नवीन सीट कव्हर घालून माझ्या मेहुण्याच्या गळ्यात मारली. बाहेरून एकदम चकाचक, पण मी ड्रायव्हरचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर खालच्या हातभर पट्ट्यावर वाळलेला गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज. तोवर पैसे देऊन झाले होते. म्हणून कळकळीनं सांगतो, गाडी दिवसाउजेडी बघा, आपला मेकॅनिक सोबत न्या, इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय सगळे पैसे देऊच नका.

आणि विकणाऱ्यांनो, फॉर्म २९-३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांवर, सह्या केल्या म्हणजे सुटलो असं नसतं हो! आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सांगितलंय, उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्याच दारात येणार. घेणाऱ्यानं इन्शुरन्सपण १४ दिवसांत नावावर करून घ्यावा, तिथं चालढकल नको.

– एक वाचक, मिरज