12 रुपये मिळवायला आधी माझ्या पोराचं वजन घसरायला पाहिजे का? महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मॅडम, नमस्कार.

मी इचलकरंजीची. नवरा यंत्रमागावर कामाला आहे, मी घरी बसून पिको-फॉल करते. मुलगी चार वर्षांची, ती अंगणवाडीत जाते, आणि धाकटा चौदा महिन्यांचा, तो आत्ता माझ्या मांडीवर झोपलाय म्हणून एका हातानं टाईप करतेय, चुका असतील तर समजून घ्या.

पत्र कशासाठी, तर अंगणवाडीच्या पूरक आहारासाठी पोरामागं दिवसाला 8 रुपये धरतात ते 12 करा, यासाठी. झालं असं की गेल्या आठवड्यात अंगणवाडीतून धाकट्याच्या नावाचं, घरी न्यायच्या आहाराचं पाकीट आणलं आणि सासूबाई म्हणाल्या, परत आणलंस होय, मागचं तसंच पडलंय फळीवर. खरंच तसंच पडलं होतं. गोड पीठ आहे, पाण्यात शिजवायचं, वास चांगला येतो पण पोरगं दोन चमच्यांच्या वर घेत नाही, तिसऱ्याला तोंड फिरवतं आणि चौथा माझ्या ड्रेसवर. मी एकटी नाही, आमच्या गल्लीत विचारा, कुणी त्याच्या वड्या पाडतं, कुणी म्हशीला घालतं, आणि म्हैस दुसऱ्याची बरं का. म्हशीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तो पैसा पोरांचा आहे.

मग मी बसले आणि हिशोब केला. माझी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला लग्नामुळं सुटली, पण गुणाकार-भागाकार अजून येतो.

सरकार पूरक आहारासाठी साध्या मुलामागं दिवसाला 8 रुपये धरतं. हा दर 2017 मध्ये ठरला, त्याच्या आधी 6 होता. वर्षाला 300 दिवस, म्हणजे महिन्याला 25 दिवस, म्हणजे एका पोराचे महिन्याला 200 रुपये. आणि 2013 ला अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला या आहारातून दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रोटीन मिळायला पाहिजे, मी तेच आकडे धरलेत. 2017 साली अंडं कितीला होतं ते मला आठवत नाही, पण आज आमच्या कोपऱ्यावर सात रुपयाला आहे, थंडीत आठ. म्हणजे एक अंडं घेतलं की दिवस संपला.

आता माझ्या धाकट्याचा खरा दिवस सांगते. सकाळी अंगावर पितो. मग नाचणीचं सत्व. दुपारी गुरगुट्या भात, त्यात घट्ट मूगडाळ आणि अर्धा चमचा तूप, नसलं तर तेल. चार वाजता केळं कुस्करून. संध्याकाळी एक अंडं, उकडून पिवळं आधी, पांढरं त्याला आवडत नाही, ते ताई खाते. रात्री आमच्या ताटातलीच भाकरी कालवून, तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेली भाजी, मग परत दूध अंगावरचं. पैशात मांडलं तर अंडं 7, केळं 5, डाळ 4, तेल-तुपाचे 3, भाजीचे 5, चोवीस झाले, भाकरी-भात आणि नाचणी मी धरलीच नाही. वरचं दूध दिलं तर अजून 12. पगार झाल्यावर पहिले पंधरा दिवस हे असं चालतं. 20 तारखेनंतर अंडं एक दिवसाआड होतं, मग केळं जातं, आणि शेवटच्या आठवड्यात भात आणि वरणाचं पाणी.

वरणाच्या पाण्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण इथं पैशाइतकाच माहितीचा पण घोळ आहे. थोरलीच्या वेळी मी तिला आठ महिन्यांपर्यंत वरणाचं पाणी पाजलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, हलकं असतं, पचतं. पोरगी प्यायची, पोट भरायचं, वजन हलायचं नाही. मग अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं, अगं डाळ खाली राहते आणि पाणी तू पोरीला देतेस, डाळ तुम्ही खाता. इतकं साधं. बाळाचं पोट एवढंसं, त्यात पाणी भरलं की जेवणाला जागा कुठं? चमचा तिरका केला तर घास पटकन ओघळून जायला नको इतकं घट्ट पाहिजे. आणि घट्ट केलं की पोरं गिळत नाहीत, ही दुसरी अडचण. त्याला जुनी युक्ती आहे ती मोड आणायची. नाचणी रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. मोडाच्या पिठाची लापशी सैल राहते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं आणि पोरगं ते गिळतं. माझ्या आजीला यामागचं विज्ञान माहीत नव्हतं पण ती सत्व असंच करायची. यात साखर लागत नाही. दोन वर्षांच्या आत वरून साखर घालूच नका असं डॉक्टरही सांगतात, मग सरकारी पाकीट गोड कशाला? एकदा गोडाची चटक लागली की मेथीचा घास कोण खाणार, माझ्या पोरानं तर आत्तापासूनच भोपळ्याशी दुष्मनी घेतलीय.

बिस्किटाचं बोलत नाही, ते बोलायला लागले तर पत्र संपणार नाही. पाच रुपयाचा पुडा चहात बुडवून द्यायचा, पोरगं गप्प. मी पण दिलाय. शिलाईची ऑर्डर द्यायची असते तेव्हा दिलाय. रक्त कमी आहे म्हणून एका हातानं लोहाचं औषध पाजायचं आणि दुसऱ्या हातानं चहा, जो लोह अंगी लागू देत नाही, असं आमचं चालतं.

तर मुद्द्यावर येते. समजा तुम्ही मला ते 200 रुपये हातात दिले आणि म्हणालात की बाई, महिन्याचं सामान आण. मी किराणा दुकानात गेले, इथलेच भाव लावले. आठवड्याला तीन अंडी, महिन्याची 12, झाले 84. अर्धा किलो मूगडाळ 58. अर्धा किलो नाचणी 25. पाव किलो शेंगदाणे 33, कूट करून घालायला, अख्खा दाणा लहान पोराला देऊ नये, घशात अडकतो. बरोबर 200. याचं प्रोटीन मी मोजलं, अंड्यात साधारण 6 ग्रॅम, डाळीत शंभर ग्रॅमला 24, दाण्यात 25, नाचणीत 7, सगळं मिळून 25 दिवसांनी भागलं तर दिवसाला साडेअकरा-बारा ग्रॅम येतं. म्हणजे किरकोळ भावानं, एका बाईनं पिशवी घेऊन जाऊन, कायद्याच्या जवळ पोचता येतं. तुम्ही तर ठोक भावानं घेता.

पण कॅलरी भरत नाही. 500 पाहिजेत, या सामानातून सव्वादोनशेच्या आसपास येतात, निम्म्या पण नाहीत. त्या भरायला दीड किलो तांदूळ आणि पाव लिटर तेल लागतं. तांदूळ तुमच्याकडं रेशनचा आहे, तेलाचे 35-40 रुपये झाले. म्हणजे 240. वर आणणं-नेणं, भरणं, साठवणं, ते मला कळतं, फुकट होत नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. तुमच्याच यादीत 12 रुपयांचा दर आहे. दिवसाला 12, महिन्याला 300. त्यात माझं वरचं सगळं सामान बसतं आणि वाहतुकीला पण उरतं. पण तो दर कुणाला? ज्याचं वजन अतितीव्र कमी झालंय त्याला. म्हणजे माझं पोरगं आज काट्यावर ठीक आहे म्हणून 8. उद्या आजारी पडलं, जुलाब झाले, वजन घसरत घसरत खालच्या रेषेच्याही खाली गेलं, दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर लाल दिसली, की मग सरकारला त्याच्यासाठी अजून 4 रुपये सापडणार. मॅडम, मी शिवणकाम करते. कापड उसवायच्या आधी दोन टाके मारले तर एका दोऱ्यात भागतं. उसवल्यावर रफू करायला अख्खी दुपार जाते आणि तरी डाग दिसतोच. दोन वर्षांच्या आत पोराची उंची खुंटली की नंतर भरून येणं अवघड, हे तुमच्याच खात्याच्या पोस्टरवर वाचलंय मी, अंगणवाडीच्या भिंतीवर लावलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. ही काय एका रात्रीत बुटकी झाली का? ती सगळी आधी 8 रुपयेवाली होती.

म्हणून माझी मागणी एवढीच, सगळ्यांना 12 करा. निम्मा पैसा केंद्राचा असतो हे मला माहीत आहे, केंद्रानं 2025-26 च्या बजेटमध्ये पोषणाचे दर वाढवू असं सांगितलं होतं, मला तरी पाकिटात फरक दिसला नाही. पण राज्याला स्वतःचे घालायला कुणी अडवलंय का? अमृत आहार योजनेत आदिवासी भागात सात महिन्यांच्या वरच्या मुलांना आठवड्याला चार दिवस अंडं किंवा केळं राज्यानंच सुरू केलं ना. तिथं मिळतं ते योग्यच आहे, तिथं अजून वाढवा. पण मागाच्या खोलीत राहणाऱ्याचं पोरगं काय खातं, तेही एकदा बघा. तमिळनाडूत दोन वर्षांच्या पुढच्या अंगणवाडीतल्या मुलांना आठवड्याला तीन अंडी मिळतात, कितीतरी वर्षं मिळतात. आपल्याकडं अंडं म्हटलं की वाद. शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले, लोकवर्गणीतून द्या म्हणे. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना केळं आणि दाण्याचा लाडू द्या, भांडण मिटलं.

तुम्ही म्हणाल, कच्चं सामान दिलं की घरातले सगळे खातात. खरं आहे. कोरोनात कोरडा शिधा मिळाला तेव्हा ती डाळ आमच्या सगळ्यांच्या आमटीत गेली, खोटं कशाला बोलू. म्हणूनच म्हणते, अंडं अंगणवाडीतच उकडून समोर खायला द्या, आणि नाचणी-डाळ-दाण्याचं पीठ इथल्याच बचत गटाकडून करून घ्या, मोड आणलेलं, बिनसाखरेचं. केरळात कुटुंबश्री या बचत गटांच्या बायका अमृतम न्यूट्रिमिक्स नावाचं बाळांचं पीठ करतात, ओडिशात बचत गट छतुआ नावाचं तसंच पीठ करतात. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावातले गट आणि महिला मंडळं घ्या, हे सुप्रीम कोर्टानं 2004 सालीच सांगितलंय. आमच्या वॉर्डात दोन गट आहेत, पापड करतात, गिरणी शेजारी आहे, रिकाम्या असतात दुपारच्या. आणि गल्लीतल्या बाईनं केलेलं पीठ बिघडलं तर आम्ही तिच्या दारात जाऊन विचारू शकतो. पाकिटाच्या मागं छापलेल्या पत्त्यावर जाऊन कोण विचारणार?

लाडक्या बहिणीचे दीड हजार मला मिळतात, त्याबद्दल धन्यवाद, मनापासून, त्यातूनच धाकट्याला थंडीत अंडी झाली. पण ते पण तुमचंच खातं आणि हे पण. आईला 1,500 आणि पोराला 200, हे कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा एकदा. माझ्या पैशातून गॅस जातो, लाईटबिल जातं, सासूबाईंच्या गोळ्या जातात. पोराच्या नावाचं पोराच्याच तोंडात जायला पाहिजे.

अजून एक, ते चेहरा दाखवायचं. जुलै 2025 पासून पाकीट घ्यायला मोबाईलवर चेहरा जुळायला लागतो. माझा लग्नाआधीचा आधारचा फोटो, त्यात मी गोल गरगरीत, आता दोन बाळंतपणांनंतर गालाची हाडं वर आलीत, मशीन म्हणतं ही ती नव्हेच. तीन चकरा झाल्या. अंगणवाडीच्या बाई बिचाऱ्या मला उन्हात उभं करतात, मग सावलीत, मग डोकं सरळ करा, पापणी मिटा, आणि मागं सतरा जणी ओळीत, त्यातल्या निम्म्या कामावरून अर्धा तास सुट्टी काढून आलेल्या. बाई माझ्या लग्नाला जेवून गेल्यात हो, त्या ओळखतात मला. चोरी थांबवायची तर थांबवा, पण ज्या दिवशी चेहरा जुळणार नाही त्या दिवशी वहीत सही घेऊन द्यायची मुभा बाईंना द्या.

बास, उठला. दिवसभराचं काम पडलंय आणि याला आता सत्व पाहिजे.

आपली,
एक आई, इचलकरंजी

ता.क. फळीवरच्या दोन पाकिटांच्या मी काल शंकरपाळ्या केल्या. थोरलीनं खाल्ल्या. तेल अर्धा लिटर गेलं, ते मी वरच्या हिशोबात धरलेलं नाही.