मोबाइल दिला, पण शिकवणार कोण?

‘अंगणवाडी सेविकांना नवे काही नकोच असते’ हे वाक्य मी नोकरीत शंभरदा ऐकले. २०२१मध्ये मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी भरायचे केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल अ‍ॅप आले आणि राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा तर फारच. पण तक्रार काय होती? अ‍ॅप इंग्रजीत आणि मोबाइल सारखे बंद पडणारे.

मी निवृत्त मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी. माझ्या बीटमधली (माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटातली) एक सेविका वजनाच्या नोंदी वहीत लिहायची आणि रात्री लेकीकडून मोबाइलमध्ये भरून घ्यायची. चुकले तर बोलणी बसतील, ही धास्ती. मग मासिक बैठकीचा पहिला तास आम्ही जाब विचारणे बंद केले. चुकलेली नोंद उघडायची, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची, जिला जमते तिने शेजारणीला दाखवायचे. तिसऱ्या बैठकीत तीच बाई इतरांना बजावत होती, ‘‘अगं, दोन वर्षांखालच्या बाळाची उंची आडवं झोपवूनच मोजायची, नाहीतर कुपोषणाची श्रेणी चुकते!’’

आता अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारासाठी मोबाइलवर लाभार्थीची चेहरा पडताळणी आली आहे. वाडीवर रेंज नाही, बाळंतीण माहेरी; आहार अडला की शिव्या मात्र सेविकेला. नोटिसा काढण्याआधी प्रत्येक बीटला अडचणीत फोन उचलणारे एक माणूस द्या आणि रिचार्जचे पैसे वेळेवर द्या. वय पन्नाशीचे असले तरी या बाया शिकतात, मी पाहिले आहे.

– एक निवृत्त मुख्यसेविका, जि. सातारा